छत वाळलं का

आधीच ठणकावून सांगते, म्हणजे मागाहून कुणी माझं तोंड धरायला नको. यातला शब्दन् शब्द खरा आहे. बुटांना फुटलेल्या मिशा खऱ्या, न्हाणीघरात कोंडलेला पाहुणा खरा, आणि छताशी भांडणारी बाई तर खरीच खरी. पटत नसेल त्यानं पैज लावावी. माझ्या तोंडात उरलेत तेवढे दात मी पैजेवर मांडते. थोडेच आहेत, पण अस्सल आहेत.

तर थोरली त्या सकाळी पलंगावर पाय पसरून चहा पीत होती. थंडीचे दिवस. उठून तिनं गीझर लावला होता, स्वयंपाकघरात कढत पाण्याखाली कालची भांडी विसळली होती, आणि कामावर जायला अजून अवकाश म्हणून कप घेऊन पुन्हा पांघरुणात शिरली होती. एवढ्यात कपाळावर टपकन थेंब पडला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. सवयच ती. मान न हलवता, कपातला घोट न सांडता, ती छताकडे तोंड करून ओरडली, “भिंगरे, मेले, किती ओततेस!” आणि मग तिचा आवाज त्या खोलीतच राहिला. वरून पाऊल वाजलं नाही, बादली सरकली नाही, “मी नाही गं ताई” असं खिडकीतून कुणी म्हणालं नाही. म्हणणार कोण? भिंगरी, तिची धाकटी बहीण, गेल्या उन्हाळ्याच्या आधीच घर बंद करून मुलीकडे राहायला गेली होती, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वरच्या घराला कुलूप होतं आणि त्या घराच्या पाण्याची मुख्य चावी थोरलीनं स्वतःच्या हातानं बंद केली होती, वर एक फडकं बांधून गाठ मारली होती, कुणी चुकून उघडू नये म्हणून. थेंब नाकाच्या बाजूनं घरंगळत ओठाशी आला तेव्हा तिला दुसरी गोष्ट कळली. थेंब कोमट होता.

आता कोमट म्हणजे काय हे थोरलीला शिकवायला नको. उभा जन्म तिचा लाँड्रीत गेला होता. कपडे धुवायला तिथे पुष्कळ जण होते, पण डाग काढायला ती एकटी. मागच्या खोलीत खिडकीजवळ तिचं टेबल, त्यावर पांढरं फडकं ताणलेलं, बाटल्यांची रांग, हाडाची चपटी पट्टी, बारीक ब्रश. पाण्यात बोट घालून ती सांगायची, हे रेशमाला चालेल, हे लोकरीला नाही. मालक म्हणायचा, बाईंच्या करंगळीला ताप मोजायची नळी बसवलीय. त्या करंगळीनं तिनं ओठावरचा थेंब टिपला आणि कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली, बोट उभं धरून, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखी. उत्तर येत होतं. तेच तर नको होतं.

डाग जुना होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा बशीएवढा होता, पिवळसर, कडेला तपकिरी रेघ. भिंगरी खाली आली होती, दोघींनी मान वर करून बघितला होता आणि भिंगरी म्हणाली होती, “ताई, अगदी आपल्या मामासारखा दिसतोय. नाक बघ.” दोघी हसल्या होत्या. मग मामाला पोट सुटलं, मग मामाचा हत्ती झाला. पोपडे सुटायला लागले. झोपेत तोंड उघडं राहिलं तर सकाळी दाताखाली चुना. कपाटाच्या पाठीमागे बुरशी धरली, आणि थोरलीच्या नवऱ्याचे, म्हणजे आता नसलेल्या नवऱ्याचे बूट तिनं आठवण म्हणून ठेवले होते, त्यांना अशा झुबकेदार मिशा फुटल्या की तशा नवऱ्याला हयातीत कधी फुटल्या नव्हत्या. पुस्तकं पाण्यात भिजलेल्या पावासारखी फुगली. न्हाणीघराचं दार इतकं फुगलं की एकदा एक पाहुणा आत अडकला. दाराला खांदा लावणारा माणूस येईपर्यंत भिंगरीनं बाहेर स्टूल टाकून बसून त्याला विनोद सांगितले, आणि बाहेर आल्यावर तो म्हणाला, शेवटचा विनोद राहिला, पुन्हा आत जातो. असे दिवस होते ते. डाग तेव्हा दोघींचा होता.

तो एकीचा कधी झाला? थोरली लाँड्रीच्या टेबलाशी बसून हेच आठवत राहिली. समोर कुणाचातरी करडा कोट होता, छातीवर डाग. कोटवाला काउंटरवरून डोकावत होता. “डाग कशाचा?” तिनं सवयीनं विचारलं. “काय माहीत बाई, लागला कुठूनतरी.” सगळे हेच म्हणतात. डाग कुणाचा कधी स्वतःचा नसतो. बसमध्ये लागतो, हॉटेलात लागतो, शेजारी बसलेल्यानं लावलेला असतो. थोरली अशा वेळी कपडा उलटा करून, उजेडात धरून, नाकाला लावून, कड कुठे गडद आणि कुठे विरळ ते बघून गिऱ्हाइकाला त्याच्याच तोंडानं कबूल करायला लावायची. तिचा नियमच होता: कशाचा ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही. रक्ताच्या डागावर कढत पाणी ओतलं की तो जन्माचा बसतो. हे ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायची. आणि डोक्यावरच्या डागाला तिनं एकदाही विचारलं नव्हतं, तू कशाचा. पाणी खालीच येतं, वर भिंगरीचं न्हाणीघर, संपलं. नळवाल्याला बोलावलं तर त्यानं खोलीच्या मध्यभागी उभं राहून, खिशातला हातसुद्धा बाहेर न काढता, सांगून टाकलं, “वरचंच आहे ताई. शंभर टक्के.” त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. आणि थोरलीला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलायचं, अगदी बरं वाटलं होतं.

भिंगरी बिचारी धावली. नावच भिंगरी, एका जागी दोन घटका बसेल तर शपथ. न्हाणीघराची फरशी उखडली, खाली थर घातला, नव्या टाइल्स बसवल्या, फिक्या निळ्या, मध्ये एकेक पांढरी. काम झाल्यावर न्हाणीघरात पाणी तुंबवून ठेवलं, भोकात बोळा कोंबून, आणि दोघी खाली थोरलीच्या पलंगावर आडव्या पडून छताकडे बघत राहिल्या, जणू वर सिनेमा लागलाय. डाग वाढला नाही. कमीही झाला नाही. “बघ, माझं नाही,” भिंगरी म्हणाली. “आज लबाडी करतोय,” थोरली म्हणाली. “डाग?” “तुला सामील आहे तो.” हे थट्टेत म्हटलं होतं की खरंच, ते तिला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. थंडी आली की डाग ओला व्हायचा, टपकायला लागायचा. थोरली म्हणायची, थंडीत ही बया अर्धा अर्धा तास अंगावर पाणी ओतत बसते. भिंगरीनं शॉवर बंद केला. मग बादलीसुद्धा कमी केली, मग कपड्यांचं मशीन काढून टाकलं आणि कपडे धुवायला कुठेतरी बाहेर न्यायला लागली. जिन्यात एकदा गाठोडं घेऊन उतरताना दिसली. थोरलीनं विचारलं नाही कुठे चाललीस, आणि भिंगरीनं सांगितलं नाही. शेवटी शेवटी तर, तिची मुलगी सांगत होती, आई ओलं फडकं करून अंग पुसून घेते, मावशी, आजारी माणसासारखं. थोरली त्यावर म्हणाली होती, “मग तरी का गळतंय?” मुलीनं फोन ठेवला होता.

मालकानं दोनदा विचारलं, बाई, बरं नाही का. करड्या कोटावर तिनं चुकीची बाटली उघडली होती. वासानं तिच्या लक्षात आलं आणि बूच परत बसवलं. आजच नेमका तो दिवस होता. भिंगरी आज दुपारी येणार होती, वरच्या घराच्या किल्ल्या नव्या लोकांच्या हातात द्यायला. सगळं ठरलं होतं. फक्त किल्ल्या हातात पडायच्या बाकी. आणि हे ठरलं कसं, तेही थोरलीला आठवत होतं, ते आठवायचं नव्हतं तरी. उन्हाळ्यात भिंगरीचा फोन आला होता. “ताई, खरं सांग हं. छत वाळलं का?” खरंच वाळलं होतं. थोरलीनं पलंगावर उभं राहून हात लावून बघितलं होतं. “कोरडं ठणठणीत!” ती म्हणाली होती, आणि त्या दोन शब्दांत इतकी जीत भरली होती की आता आठवताना तिच्या कानशिलाला चटका बसला.  भिंगरी म्हणाली होती, “बरं झालं गं. माझ्या मनात होतं, नसेल वाळलं तर मी पुन्हा यायचं. इथे करमत नाही. पण वाळलं ना? मग माझंच होतं म्हणायचं. मग घर देऊनच टाकते.” त्यानंतर थोरलीनं जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, बघा, ती गेली आणि वाळलं. आणि उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याची कळ बंद ठेवते, हे दर वर्षी स्वतःच्या हातानं करूनही, तिला तेव्हा आठवलं नव्हतं.

आठवलं नव्हतं की आठवू दिलं नव्हतं? टेबलावर कोट तसाच पडला होता. त्याच्या डागाची एक बाजू शिवणीकडे गडद होती, दुसरीकडे विरत गेलेली. म्हणजे मूळ शिवणीत. हे तिला न बघता दिसत होतं. आणि मागच्या थंडीतली एक सकाळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी तशीच्या तशी: ती पलंगावर उताणी, छतावर हत्ती, आणि हत्तीचा गडद भाग मधे नव्हे तर भिंतीला टेकलेला, जिथे छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात. मूळ तिथे. ती बघत होती. तिचा डोळा तयार डोळा होता, त्याला कळलंच होतं. आणि मग तिनं काय केलं? ती कुशीवर वळली. एवढंच. भिंतीकडे पाठ करून ती कुशीवर वळली आणि वर भिंगरीची पावलं वाजत होती ती ऐकत पडून राहिली, ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, फट फट, सपाता ओढत. त्या पावलांवर तिला झोप लागायची. भांडणाच्या सगळ्या काळात, बोलणं पूर्ण बंद होतं तेव्हासुद्धा, तिला झोप त्या पावलांवरच लागायची. भिंगरी गेल्यापासून ती जागीच असते, आणि लोकांना सांगते, वय झालं.

दुपारी अर्धी रजा टाकून ती घरी आली. लाँड्रीतून फोन करून बोलावलेला नळवाला जिन्यातच उभा होता, तोच, शंभर टक्केवाला. “वरचं कुलूप उघडायचंय का?” त्यानं विचारलं. “नाही. माझी भिंत फोडायचीय,” थोरली म्हणाली, आणि बोटानं तो कोपरा दाखवला. त्यानं छिन्नी लावली. गिलावा ओल्या बिस्किटासारखा निघाला, पलंगावर, उशीवर, चहाच्या सकाळच्या कपात. आत नळी होती. गंजून लाल झालेली, तिच्यावर एक टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून इतकी बारीक धार की उजेडात धरली तरच दिसावी. वर उडत होती, कारंज्यासारखी, सरळ छताच्या पोटाला लागत होती. नळवाला म्हणाला, “च्यायला! ही कुठली?” ही कुठली ते थोरलीला माहीत होतं. गीझरपासून स्वयंपाकघरापर्यंत गरम पाणी न्यायचं होतं तेव्हा नवरा म्हणाला होता, भिंतीच्या बाहेरून नेऊ, दिसेल, पण काही झालं तर कळेल तरी. आणि ही म्हणाली होती, शी, उघड्या नळ्या म्हणजे पोटातली आतडी बाहेर काढून बसल्यासारखं. आत घाला. नवऱ्यानं आत घातली, वर छान रंग दिला, आणि पुढे यथावकाश गेला. नळी आपली भिंतीत राहिली.

“मी तर वरचंच म्हटलं होतं,” नळवाला डोकं खाजवत म्हणाला. “पाण्याचं काही सांगता येत नाही बघा.” मग तो जरा जवळ आला, हलक्या आवाजात. “ताई, तुकडा बदलतो आणि झाकून टाकतो. वर हात मारला रंगाचा की कुणाच्या बापाला कळायचं नाही.”  त्यानं भलतं काही म्हटलं नव्हतं. जन्मभर लोक तिच्याकडे हेच मागत आले होते. “तुकडा बदल,” ती म्हणाली. “झाकू नकोस.” तो काम करून गेला, आणि ती भिंतीतल्या भोकाकडे बघत उभी राहिली, एवढं मोठं की त्यात मांजर अंग मुडपून निजलं असतं.

आणि वर पाऊल वाजलं.

रिकाम्या घरात पाऊल वेगळं वाजतं, भांड्यात वाजल्यासारखं. पण ओळखायला चुकली नाही ती. फट फट, ओट्यापासून खिडकीपर्यंत. भिंगरी. तिच्यामागे दुसरी पावलं, बुटांची, थांबत थांबत, घर बघणाऱ्या माणसांची.  एक मजला. जिन्याचं एक वळण. वर जाऊन दारातूनच ओरडलं असतं, थांब भिंगरे, किल्ली देऊ नकोस, तुझं नव्हतं गं ते, तर झालं असतं. भिंगरीनं किल्ली मुठीत परत घेतली असती, नव्या लोकांना म्हणाली असती, माफ करा हं, आमच्या ताईचं डोकं ठिकाणावर नाही, आणि भांडली असती, कचाकचा भांडली असती, आणि मग राहिली असती. थोरलीला हे इतकं स्पष्ट दिसत होतं. आणि तिच्या पायांनी काय केलं, तर ते कोपऱ्यात गेले आणि हातांनी केरसुणी घेतली. आधी हे एवढं आवरू. अशा अवतारात कसं जायचं, केसांत चुना. ती झाडायला लागली. वरची पावलं खिडकीशी थांबली. भिंगरी त्यांना खिडकी कशी अडकते ते दाखवत असणार, डावीकडून ढकला म्हणून. मग न्हाणीघर. निळ्या टाइल्स. तिथे पावलं फार वेळ थांबली. थोरलीनं गिलाव्याचा ढीग केला, तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, परत आणला. मग कपाटातून चादर काढली आणि पलंगावर चढून दोन खिळ्यांना अडकवली, भोकावर. झाकू नकोस म्हणणारी हीच बाई. वर दार लागलं. बुटांचे पाय आत राहिले. सपातांचे पाय जिना उतरायला लागले.

भिंगरी दारात आली ती वाळकी, लहान झालेली. केस पार पांढरे. “आहेस का गं ताई? म्हटलं, तोंड दाखवून जावं. खाली मुलगी गाडीत बसलीय, हॉर्न वाजवेल आता.” आणि आत आल्या आल्या सवयीप्रमाणे हे उचल, ते सरळ कर, टेबलावरचा कप बघितला, “अगं बाई, चहात चुना! इतकी म्हातारी झालीस?” मग तिनं वर बघितलं. छताकडे. हत्ती ओला होता, काळा, चकचकीत.  मग चादरीकडे बघितलं. “हे काय टांगलंयस? नवीन पडदा? खिडकी नाही तिथे,” म्हणाली, आणि थोरली हात पुढे करेपर्यंत तिनं ती ओढलीसुद्धा.

भोक. आत गंजलेल्या नळीत बसवलेला नवा चकचकीत तुकडा. खालच्या विटा अजून ओल्या. भिंगरी पलंगाच्या कडेला टेकून वाकली, तिनं विटांवर तळवा ठेवला, आणि ठेवूनच दिला. भिंगरी, एका जागी न ठरणारी, कितीतरी वेळ हलली नाही. तिच्या पाठीकडे बघून थोरली म्हणाली, “माझं चुकलं गं. तुझ्याकडचं कधीच नव्हतं ते. माझंच होतं.”

भिंगरीनं हात काढला. तळव्याला लाल ओला चुरा लागला होता, तो तिनं पदराला पुसला नाही, दुसऱ्या हातात झटकला. “कोमट आहे,” ती म्हणाली. मग छताकडे बघून, “मी तर त्यांना आत्ता सांगून आले, न्हाणीघरात पाणी जपून वापरा, खाली माझ्या ताईचं छत आहे.” हसायला गेली, ते नीट जमलं नाही. “किल्ली देऊन आले गं मी.” खाली हॉर्न वाजला. तिनं चादर उचलली, झटकली, चार घड्या केल्या, पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, आणि दाराकडे गेली. सपातांचा आवाज जिन्यात, फट फट, मग फाटकाशी, मग गाडीचं दार. वर बुटांचे पाय इकडून तिकडे हिंडत होते, माप घेतल्यासारखे. कुणीतरी न्हाणीघरात नळ सोडला. थोरली खालून ऐकत उभी राहिली. खळखळ पाणी पडत होतं, आणि एक थेंबही खाली आला नाही.

हं. आता दातांची पैज मोडायची वेळ आली. एक वाक्य मी पदरचं घातलं. बाकी कुणालाही विचारा, मिशांपासून टाइल्सपर्यंत सगळं जसं घडलं तसं सांगितलंय. पण “माझं चुकलं” हे थोरली म्हणाली नाही. भिंगरीचा तळवा विटांवर होता, थोरली तिच्या पाठीमागे उभी होती, तोंड उघडलं होतं, वेळही होता. आणि ती म्हणाली, “सपाता राहू दे पायात. खडे टोचतील.”